पुळण-संरक्षण आणि स्थानिक स्वराज्य संस्था

समुद्राच्या लाटा, भरती-ओहोटी व किनाऱ्यालगतचे प्रवाह यांमुळे झिजत चाललेली वालुकामय पुळण टिकवून धरणे आणि नाहीशी झालेली पुळण पुन्हा उभी करणे, या दोन्ही प्रकारच्या प्रयत्नांस पुळण-संरक्षण असे म्हणतात. ‘किनारा-संरक्षण’ ही संज्ञा पुष्कळदा याच अर्थाने वापरली जाते. तथापि दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. पुळणीमागील जमीन, घरे, रस्ते व बागा वाचविणे हा किनारा-संरक्षणाचा हेतू असतो. खुद्द वाळूचा पट्टा वाचविणे हा पुळण-संरक्षणाचा. दगडी भिंतीने पहिला हेतू साधतो, पण त्याच भिंतीमुळे दुसरा फसू शकतो. धुपेचा पहिला आघात ज्या ग्रामपंचायतींवर व नगरपरिषदांवर होतो, त्यांच्या हद्दीपुरता पुळणीचा विचार करता येत नाही. कारण वाळू हद्द पाळत नाही. स्थानिक प्रयत्नांचे यशापयश मुख्यत्वे या एका गोष्टीवर अवलंबून असते.

वाळूचा ताळेबंद : पुळण ही स्थिर जमीन नसून वाळूचा चालता साठा आहे. नद्यांनी आणलेली वाळू, किनाऱ्यावरील कड्यांच्या झिजेतून सुटलेले कण, शंखशिंपल्यांचा चुरा आणि शेजारच्या किनाऱ्यावरून प्रवाहाबरोबर आलेली वाळू ही तिची जमेची बाजू होय. खोल समुद्रात वाहून गेलेली, वाऱ्याने आत उडालेली, पुढच्या किनाऱ्याकडे सरकलेली आणि माणसाने उपसलेली वाळू ही खर्चाची बाजू होय. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येऊन फुटल्या म्हणजे किनाऱ्यास समांतर असा प्रवाह निर्माण होतो व त्याच्याबरोबर वाळू एका दिशेने सरकत राहते. जमेपेक्षा खर्च दीर्घकाळ अधिक राहिला, की पुळण अरुंद होते व भरतीरेषा आत सरकते.

ऋतुमानानुसार होणारा बदल हा धुपेहून वेगळा समजला पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात मोसमी लाटा पुळणीवरील वाळू खेचून उथळ समुद्रात तिचा बांध घालतात. ऑक्टोबरनंतरच्या सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून श्रावणात बोडकी दिसणारी पुळण फाल्गुनात भरलेली दिसते. पावसाळ्यातील एका पाहणीवरून धूप ठरविणे जितके चुकीचे, तितकेच उन्हाळ्यातील एका पाहणीवरून ती नाकारणेही चुकीचे ठरते.

धुपेची कारणे : समुद्रपातळीची वाढ, वादळे व लाटांच्या दिशेतील बदल ही नैसर्गिक स्वरूपाची कारणे आहेत, त्यांतील पहिल्यात मानवी हस्तक्षेपाचा मोठा वाटा आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंमी. वाढली आणि २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३·७ मिमी. होता. वाढ मिलिमीटरांत मोजली जात असली, तरी पुळणीचा उतार मंद असल्याने भरतीरेषा त्याच्या अनेक पट आत येते. पेर ब्रून या अभियंत्याने १९६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हे प्रमाण स्थूलमानाने पन्नास ते शंभर पट असते. हा नियम सर्व किनाऱ्यांना सारखा लागू पडत नाही. खडकाळ भूशिरांमध्ये अडकलेल्या लहान पुळणींच्या बाबतीत तो विशेष जपून वापरावा लागतो.

मानवनिर्मित कारणांत बंदरांचे लाटारोधक बांध, नदीमुखावरील भिंती, खाडीतील व पुळणीवरील वाळूउपसा, नद्यांवरील धरणे आणि वालुकागिरी सपाट करून केलेली बांधकामे यांचा समावेश होतो. समुद्रात शिरलेला बांध किनाऱ्यालगत सरकणारी वाळू एका बाजूस अडवितो. तेथे पुळण रुंदावते आणि दुसऱ्या बाजूस वाळूअभावी ती झिजते. एका गावाची भर ही अशा वेळी शेजारच्या गावाची तूट असते.

नद्यांची वाळू व खानदेश : पुळणीचा प्रश्न किनाऱ्यावरच संपत नाही. तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते व सुमारे ७२४ किमी. वाहत जाऊन सुरतेच्या खाली खंबायतच्या आखातास मिळते. जळगाव जिल्ह्यातील बोदवड, मुक्ताईनगर, भुसावळ या तालुक्यांतील पावसाचे पाणी याच खोऱ्यात उतरते; पूर्णा व तापी यांचा संगम चांगदेव येथे होतो. बोदवडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील नाल्यातून सुटलेल्या वाळूच्या कणाची नैसर्गिक वाट आखाताकडेच जाते. आज ही वाट अडलेली आहे. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण, गुजरातेतील उकाई धरण (१९७२) व त्याखालील काक्रापारचा बंधारा (१९५४) यांच्यामागे गाळ साचतो. गिरणा व तापी यांच्या पात्रांतून बांधकामासाठी होणारा उपसा ही त्यात आणखी एक वजाबाकी होय.

या गाळातील चिकणमातीचे बारीक कण पुळणीच्या उपयोगाचे नसतात. भरड वाळूचा अंश तेवढा उपयोगी पडतो. आखातातील प्रबळ भरती-ओहोटीमुळे कोणत्या किनाऱ्याची किती तूट कोणत्या धरणामुळे झाली, हे वेगळे काढून दाखविणेही कठीण असते. तथापि तत्त्व स्पष्ट आहे. जो गाळ वरच्या खोऱ्यात जलाशयाची साठवणक्षमता घटवितो, त्यातील वाळू खाली न पोचल्याने किनाऱ्याची जमा घटते. एकाच साठ्याचे दोन ठिकाणी दोन प्रकारचे नुकसान होते. पात्रातील वाळू राखणारी खानदेशातील ग्रामसभा या अर्थाने किनाऱ्याच्या संरक्षणातही सहभागी असते.

महाराष्ट्राचा किनारा : उत्तरेस झाईपासून दक्षिणेस रेडीपर्यंत पसरलेल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने सुमारे ७२० किमी. सांगितली जाते. भूशिरांच्या मधल्या बाकांत वसलेल्या लहान-लहान पुळणी, मध्ये खाड्यांची मुखे आणि नदीमुखांजवळ वाळूचे दांडे, असे या किनाऱ्याचे स्वरूप आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून प्रामुख्याने माती तयार होते, गारेची वाळू थोडी. कोकणातील नद्या आखूड असल्याने त्यांचा पुरवठाही मर्यादित असतो. त्यामुळे अनेक पुळणींत शिंपल्यांच्या चुऱ्याचे प्रमाण लक्षणीय आहे. एकदा गेलेली वाळू अशा किनाऱ्यावर सहज भरून येत नाही.

चेन्नई येथील राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचे मोजमाप केले. त्यानुसार ३३·६ टक्के किनारा धुपत आहे, २६·९ टक्के किनाऱ्यावर भर पडत आहे आणि उरलेला कमीअधिक स्थिर आहे. महाराष्ट्रात धुपणाऱ्या किनाऱ्याचे प्रमाण २५·५ टक्के, गोव्यात १९·२ टक्के, केरळात ४६·४ टक्के, तर पश्चिम बंगालमध्ये ६०·५ टक्के आढळले. महाराष्ट्राचा आकडा तुलनेने कमी दिसतो याचे एक कारण म्हणजे त्याच्या किनाऱ्याचा मोठा भाग खडकाळ आहे. धूप मुख्यत्वे वाळूवर होते, आणि कोळीवाडे, नारळीच्या बागा व पर्यटकांची वर्दळ हीही वाळूलगतच असतात.

संरक्षणाचे प्रकार : पुळण-संरक्षणाचे उपाय स्थूलमानाने तीन वर्गांत मोडतात. (१) कठीण बांधकामे : यांत दगडी भिंती (शासकीय परिभाषेत ‘धूपप्रतिबंधक बंधारे’), किनाऱ्यास काटकोनात समुद्रात नेलेले आडबांध, किनाऱ्यापासून काही अंतरावरील बुडीत बांध आणि टेट्रापॉडांच्या राशी यांचा समावेश होतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या भिंतीपुढे रचलेले टेट्रापॉड हे या प्रकाराचे परिचित उदाहरण आहे. दगडी भिंतीवर आदळलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू खणून नेते. भिंतीपुढील पुळण त्यामुळे खोल व अरुंद होते. भिंत जेथे संपते, तेथून पुढच्या उघड्या किनाऱ्यावर झीज वाढते. (२) मृदू उपाय : बाहेरून वाळू आणून पुळण भरणे, बंदराने अडविलेली वाळू पलीकडे टाकणे आणि वालुकागिरी व त्यांवरील वनस्पती यांचे पुनरुज्जीवन करणे, हे यांत येते. मर्यादवेल, केवडा, उंडी यांसारख्या किनारी वनस्पती उडती वाळू धरून ठेवतात. वादळात वालुकागिरी स्वतः झिजून पुळणीला वाळू पुरविते. ती किनाऱ्याची राखीव ठेवच होय. सुरूची लागवड कोकणात पुष्कळ ठिकाणी झाली आहे. ती वारा अडविते, परंतु भरतीरेषेच्या अगदी जवळ लावल्यास पुळण झिजताच तिची मुळे उघडी पडतात व झाडे उलथतात. (३) माघार : ज्या पट्ट्यावर समुद्र येणार हे निश्चित आहे, तेथे नवे बांधकाम न करणे आणि आवश्यक तेथे जुनी वस्ती आत हलविणे.

अधिकारांची विभागणी : स्थानिक संस्थांची खरी अडचण या बाबतीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार समुद्र, बंदरे व खाड्या यांचा भरतीरेषेखालील तळ शासनाच्या मालकीचा असतो. म्हणजे जी पुळण गावाने राखावी अशी अपेक्षा असते, तिचा ओला भाग गावाचा नसतो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कामे राज्याच्या पत्तन अभियंत्यांच्या यंत्रणेकडे, लहान बंदरे १९९६ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, वाळूउपशाचे परवाने महसूल खात्याकडे आणि किनाऱ्यावरील लागवड वन व सामाजिक वनीकरण विभागांकडे, अशी कामांची वाटणी आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी (१९९२) जोडलेल्या अकराव्या व बाराव्या अनुसूचींत मृद्‌संधारण, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, पर्यावरण-संरक्षण हे विषय आहेत. समुद्रकिनाऱ्याच्या धुपेचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही.

किनाऱ्यावरील बांधकामांवर नियंत्रण असावे, ही भूमिका तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात मांडली. भरतीरेषेपासून ५०० मी. पर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे तीत सुचविले होते. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना निघाली. तिची जागा २०११ व नंतर २०१९ च्या अधिसूचनांनी घेतली. वालुकागिरी, खारफुटी, कासवांची विणीची ठिकाणे यांना तीत सर्वांत कडक संरक्षण आहे आणि काही अपवाद वगळता वाळूचे उत्खनन निषिद्ध आहे. ग्रामीण भागातील विकासनिषिद्ध पट्टा सामान्यतः २०० मी. आहे, २०१९ च्या अधिसूचनेने २०११ च्या जनगणनेनुसार दर चौ. किमी.ला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागांत तो ५० मी. वर आणला. धूप होत असलेल्या दाट वस्तीच्या गावांत ही सवलत घराच्या गरजेला उपकारक, पण पुळणीला मागे सरकण्यास लागणाऱ्या जागेच्या दृष्टीने अपायकारक ठरू शकते.

याच अधिसूचनेत स्थानिक संस्थांना दोन वाटा मिळाल्या आहेत. स्वतः राहण्यासाठी बांधावयाच्या ३०० चौ. मी. पर्यंतच्या घरांस नियमांच्या चौकटीत मंजुरी देण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकरणाकडे आहे. तसेच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीत मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात.

परंपरेतील स्थानिक व्यवस्था : समुद्रापासून जमीन राखण्याचे काम पूर्वी सर्वस्वी सरकारी नव्हते. गोव्यातील खाजन जमिनींचे बांध व पाण्याच्या झडपा यांची निगा गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, ही ग्रामसंस्था ठेवीत असे. बांध फुटला तर सर्वांचेच भातशेत खारे होई, म्हणून दुरुस्तीचे दायित्वही सामाईक असे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर हे काम कुळांच्या संघटनांकडे आले आणि अनेक ठिकाणी देखभालीत शैथिल्य आले. कोकणात खारभूमीचे बांध शेतकऱ्यांच्या सामुदायिक श्रमांतून उभे राहत. १९४८ च्या मुंबई खारभूमी अधिनियमानंतर व पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमानंतर त्यांत शासनाचा वाटा वाढला. या व्यवस्था खाडीकाठच्या शेतजमिनीसाठी होत्या, उघड्या पुळणीसाठी नव्हत्या. तरीही त्यांतून एक बोध मिळतो : बांधकामापेक्षा देखभाल हे स्थानिक संस्थेचे खरे बळ असते.

महाराष्ट्र व गोव्यातील अनुभव : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात देवबाग हे गाव कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्या मधल्या अरुंद वाळूच्या दांड्यावर वसले आहे. अशा दांड्यावर एकीकडून समुद्र व दुसरीकडून नदी झीज करीत असते, आणि नदीचे मुख सरकले की दांड्याचे टोकही सरकते. फयान (नोव्हेंबर २००९) व तौक्ते (मे २०२१) या चक्रीवादळांच्या वेळी मालवणच्या किनाऱ्याला मोठा तडाखा बसला. समुद्राच्या बाजूस दगडी बंधारा ही देवबागसारख्या गावांची मागणी स्वाभाविक असते. घराच्या मागे हटण्यास जमीनच नाही, मागे नदी आहे.

पण याच किनाऱ्यावर रापण ओढणारे मच्छीमार आहेत. रापणीचे जाळे पुळणीवरून ओढले जाते. होड्या वाळूवर चढविल्या जातात. मासळी वाळूवरच सुकविली जाते. दगडांची रास लागली, की घर वाचते आणि पुळणीवरचा व्यवसाय अडतो. त्यामुळे बंधारा हवा की नको, एवढाच प्रश्न ग्रामसभेपुढे नसतो. तो कोठे सुरू व्हावा, कोठे संपावा, होड्यांसाठी वाट कोठे सोडावी आणि त्याच्या टोकापुढील वाडीचे काय होईल, हे सर्व प्रश्न त्यात येतात. आराखडा बाहेर तयार होऊन गावात केवळ कंत्राटदार येतो, तेव्हा हे प्रश्न बहुधा दगड पडल्यानंतर विचारले जातात.

रत्नागिरी शहरालगतच्या मिऱ्या येथील किनाऱ्यावर दीर्घकाळ बंधारे बांधण्याचे व ते दुरुस्त करण्याचे काम चालत आले. आशियाई विकास बँकेने २०१० मध्ये मंजूर केलेल्या शाश्वत किनारा-संरक्षण कार्यक्रमात कर्नाटकातील उल्लाळबरोबर मिऱ्याचाही समावेश झाला. केवळ भिंत उंच करीत न जाता लाटेचा जोर किनाऱ्यापासून दूर मोडावा व पुळण टिकवावी, ही या कार्यक्रमामागील दृष्टी होती. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी एक जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. किनाऱ्याची मजबुती किती तऱ्हांनी कसाला लागते, याचे ते उदाहरण होय.

गोव्यात जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्यालगत रुतले व ते २०१२ पर्यंत तेथून पूर्णतः हलले नाही. जहाजाच्या अडथळ्याने वाळूची हालचाल बदलली व लगतच्या पुळणीची धूप झाली. एखाद्या बांधाने जे घडते, ते येथे एका जहाजाने घडविले. आणि ते हलविण्याची सत्ता ज्या गावाची पुळण जात होती त्या गावाच्या हाती नव्हती.

भारतातील इतर उदाहरणे : पुदुच्चेरी येथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदराचे लाटारोधक बांध उभारल्यावर उत्तरेकडील शहराची पुळण नाहीशी झाली. शहर वाचविण्यासाठी दगडांची भिंत घातली गेली; धूप तेथून आणखी उत्तरेस, तमिळनाडूच्या हद्दीतील मच्छीमार गावांकडे सरकली. २०१८-१९ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रविज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार बुडीत बांध घालून व वाळू टाकून शहरातील पुळणीचा काही भाग पुन्हा उभा करण्यात आला. विशाखापटनम येथे बंदरातून उपसलेली वाळू शहराच्या पुळणीवर टाकण्याची पद्धत आहे. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यात पेंठा येथे वाळू भरलेल्या कृत्रिम धाग्यांच्या नळ्यांचा ५०५ मी. लांबीचा बांध घालण्यात आला. त्याच जिल्ह्यातील सातभाया येथे मात्र समुद्राने गावेच गिळली, आणि ५७१ कुटुंबांना बागपतिया येथे वसविण्यात आले. माघार हा उपाय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात घरकुलाबरोबर होडी लावण्याची जागा, शेत, देऊळ व स्मशान यांचाही प्रश्न त्यात असतो.

परदेशांतील अनुभव : नेदर्लंड्समध्ये पाणी व बांध यांची व्यवस्था पाहणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. ती करआकारणीचा अधिकार असलेल्या स्थानिक संस्था आहेत. १९९० मध्ये त्या देशाने आपली किनाररेषा तेव्हा होती तेथेच राखण्याचे धोरण स्वीकारले व त्यासाठी दरवर्षी वाळू टाकण्यास प्रारंभ केला. २००१ पासून हे प्रमाण वर्षाला सुमारे १·२ कोटी घ. मी. ठरविले गेले. २०११ मध्ये दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर एकाच वेळी सुमारे २·१५ कोटी घ. मी. वाळू टाकून ती लाटांनीच पसरवावी, असा प्रयोग करण्यात आला.

ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट या शहराचे उदाहरण स्थानिक संस्थांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ट्वीड नदीच्या मुखावरील भिंती १९६० च्या दशकात वाढविण्यात आल्या. उत्तरेकडे वर्षाला सुमारे पाच लाख घ. मी. प्रमाणात सरकणारी वाळू त्यांनी अडविली आणि क्वीन्सलंड राज्यातील या शहराच्या दक्षिण भागातील पुळणी झिजल्या. १९६७ मधील लागोपाठच्या वादळांनी हानी वाढली. शहराने भिंती बांधल्या, वाळूही टाकली. पण मूळ कारण हद्दीपलीकडे होते. दोन्ही राज्यांत १९९५ मध्ये कायद्याने समझोता झाला व २००१ पासून अडलेली वाळू पंपांनी नदीमुखापलीकडे नेली जाऊ लागली. वाळूच्या वाटेइतकी व्यापक व्यवस्था निर्माण झाल्यावरच या प्रश्नास कायमचे उत्तर मिळाले.

स्थानिक संस्थांची कार्ये : मोठी सागरी बांधकामे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरची आहेत, हे मान्य केले तरी तिच्या हाती थोडे नाही. पहिले काम मोजमापाचे. पुळणीमागे पक्के खुंट रोवून त्यांपासून वनस्पतिरेषेपर्यंतचे अंतर दरवर्षी मेअखेर व पावसाळ्यानंतर नोंदविणे, यास फारसा खर्च येत नाही. दहा वर्षांची अशी नोंदवही गावाच्या मागणीला अर्जापेक्षा अधिक वजन देते. दुसरे काम वालुकागिरी राखण्याचे : त्यांवरून वाहने न जाऊ देणे, पायवाटा ठरवून देणे, मर्यादवेल व इतर स्थानिक वनस्पती लावणे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत वालुकागिरी व कासवांची विणीची ठिकाणे नोंदविल्यास त्यांच्या रक्षणाला अधिकृत आधार मिळतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांच्या संरक्षणातून पुळण राखण्याची आस्था गावात निर्माण झाली, ती या दृष्टीने लक्षणीय आहे. तिसरे काम बांधकाम-परवानगीचे, व चौथे वाळूउपशाला वेळीच हरकत घेण्याचे.

पैशाचा प्रश्न स्वतंत्र आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी नदी व समुद्र यांच्या धुपेला आळा घालण्यास १,५०० कोटी रु. आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनास १,००० कोटी रु. राष्ट्रीय आपत्ती निधींतून सुचविले. धुपेला आपत्तीच्या अर्थकारणात स्थान मिळाले, हे यातील महत्त्व. अशा निधीवर दावा सांगताना गावाजवळ मोजमाप असणे आवश्यक ठरते. जिल्हा नियोजन समिती हा अशी मागणी वर नेण्याचा घटनादत्त मार्ग आहे.

मूल्यमापन : पुळण-संरक्षणाच्या इतिहासात भिंत ही सर्वांत जुनी, सर्वांत लवकर दिसणारी व म्हणून सर्वांत लोकप्रिय योजना ठरली आहे. काही ठिकाणी तिला पर्याय नसतो. जेथे मागे जागा नाही व घरे पाण्याच्या तोंडाशी आहेत, तेथे ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक गावाने आपापली भिंत बांधीत जाणे म्हणजे धूप शेजाऱ्याकडे ढकलीत जाणे होय. म्हणून एका भूशिरापासून दुसऱ्या भूशिरापर्यंतचा किनारा, त्यात मिळणाऱ्या खाड्या व नद्या यांसह, हे नियोजनाचे एकक धरावे लागते. त्यातील सर्व ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन संयुक्त समिती नेमणे, एकत्र मोजमाप ठेवणे आणि कोणतेही बांधकाम त्याच्या दोन्ही टोकांवरील गावांना विचारल्याशिवाय न स्वीकारणे, ही त्याची प्राथमिक अट होय. किनाऱ्यावरील वाळू ही तेथील गावांची सामाईक ठेव आहे. तिचा काही भाग नदीवाटे दूरच्या खोऱ्यांतून येतो. तिच्या जपणुकीची जबाबदारीही तितकीच दूरवर पसरलेली आहे.